मार्चपर्यंत टिकणारा गोलंदाज

परवा सकाळी गाडीपाशी गेलो तर काचा घामेजलेल्या. आखातातल्या आमच्या दोह्यात ऑगस्ट सरता सरता हे असंच होतं. समुद्राकडून दमट हवा येते आणि जे जे गार असेल त्याला घाम फोडते. घरातून बाहेर पाऊल टाकलं की चष्मासुद्धा आंधळा होतो. मी तसा आंधळा होऊन कंपाउंडच्या फाटकाच्या अंदाजाने उभा होतो, आणि खिशातला फोन थरथरला. ग्रुपवर सान्यांचा निरोप होता : ‘बोलिंगचं काय करायचं? शुक्रवारी बसू.’

मला इतका आनंद झाला की विचारू नका.

उन्हाळ्यात इथे क्रिकेट बंद असतं. मे महिन्यात स्टंप गाडीच्या डिकीत जातात ते ऑक्टोबरातच बाहेर येतात. मधले महिने मैदान नुसतं भाजत पडतं. बाकीचे संघ या काळात विश्रांती घेतात म्हणे. आम्ही खरे फुलतो ते याच काळात. हॉलमधला एसी अठरावर, मांडीवर पोह्यांची बशी, आणि तोंडाने चाललेलं क्रिकेट. कुणाला संघात घ्यायचं, कुणाला सोडायचं, डावरा हवा की फिरकीवाला, अमक्या संघाचा तमका नाराज आहे म्हणतात, त्याला बोलावून बघायचं का. या पाच महिन्यांत आमचा संघ एकही सामना हरत नाही.

संघाचं नाव शुक्रवार पेठ इलेव्हन. सामने शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी होतात आणि संस्थापक, कर्णधार, निवड समिती असे सगळे जे एकटे साने, ते पुण्याच्या शुक्रवार पेठेतले. या योगायोगावर ते इतक्या वर्षांनंतरही खूश आहेत. सान्यांनी पंचावन्नी ओलांडली आहे, गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, आणि आपण आयुष्यात एकदाही पायचीत झालेलो नाही असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. यष्टिरक्षक गजानन नांदेडचा, इलेक्ट्रिकल सुपरवायझर, गरम डोक्याचा आणि मऊ मनाचा. मी मोघे. अकराव्या क्रमांकाचा फलंदाज आणि पहिल्या क्रमांकाचा वक्ता. बैठका माझ्या घरी भरतात, अल दुहैलला, कारण आमचा हॉल मोठा आहे आणि माझ्या बायकोला, अनघाला, नाही म्हणता येत नाही असा सगळ्यांचा समज आहे. येतं तिला. फक्त मंडळी गेल्यावर येतं, आणि मला उद्देशून येतं.

पण ‘बोलिंगचं काय करायचं’ हे वाक्य वाचलं की माझ्या मनात एकच उन्हाळा येतो. वर्ल्डकपच्या वर्षीचा. फुटबॉलचा वर्ल्डकप नोव्हेंबरात यायचा होता आणि त्याच्या आधीचा तो सगळा उन्हाळा शहराला नवरीसारखी हळद लागली होती. दर शुक्रवारी रस्ते बदलायचे. काल उजवीकडे वळलो ते वळण आज बंद. फोनमधली वाट सांगणारी बाई बिचारी सारखी माफी मागितल्यासारखी थांबून थांबून बोलायची. ट्रेलरवर आडवी झोपून खजुराची झाडं यायची आणि दुसऱ्या दिवशी ती दुभाजकावर अशी उभी असायची, जणू पणजोबांच्या काळापासून तिथेच आहेत. लुसैलला आमचं साइट ऑफिस होतं. पोर्टाकॅबिनचं दार उघडलं की ओल्या सिमेंटचा, नव्या रंगाचा आणि तापलेल्या रबराचा वास एकदम नाकात शिरायचा. दातांखाली बारीक वाळू कायमची. समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, एक घड्याळ उलटं चालत होतं, इतके दिवस उरले, इतके तास उरले. माणसं त्याच्यासमोर उभी राहून हसत हसत फोटो काढायची. मीसुद्धा काढला आहे. त्यात माझं पोट आणि उरलेले दिवस दोन्ही स्पष्ट दिसतात.

आमच्या संघाला मात्र तो वर्ल्डकप बाधला. एका स्टेडियमचं छत बसवून झालं आणि आमचा ऑफस्पिनर घरी गेला. एका बोगद्याचं काम संपलं, दोन मध्यमगती गेले. लुसैलची ट्राम सुरू झाली तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि आम्ही हळहळत होतो, कारण तिच्या सिग्नलचं काम करणारा आमचा डावरा त्याच आठवड्यात चेन्नईला परत निघाला होता. इतरत्र गोलंदाज खांद्याने जातात, गुडघ्याने जातात. आमच्याकडे ते काम वेळेत पूर्ण केल्यामुळे जातात.

त्यातून सान्यांची ती प्रसिद्ध डायरी जन्माला आली. आमच्या लीगचा नियम आहे की ज्याचं इथलं रहिवासी कार्ड मार्चअखेरपर्यंत, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत चालू असेल, त्याचंच नाव नोंदवता येतं. या कार्डाला इथे सगळे बताका म्हणतात. तेव्हा सान्यांच्या डायरीत गोलंदाजाच्या नावापुढे त्याने किती बळी घेतले ते नसायचं. वेग नाही, फिरकी नाही. असायची ती कार्डाची तारीख. नवा माणूस भेटला की हात मिळवता मिळवता साने विचारायचे, “बताका कधीपर्यंत?” एकदा एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलालाच हे विचारलं. मुलीच्या वडिलांना तो प्रश्न फार आवडला. ते म्हणाले, आम्हालाही हेच विचारायचं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एकच गोलंदाज उरला होता. बावतीस. वसईचा, माझ्याच वयाचा, चव्वेचाळीसचा. माझ्याच प्रकल्पावर सर्व्हेअर होता. अकरा पावलांचा स्टार्ट, तोही मोजून घेतलेला. चेंडू टाकण्याआधी एक डोळा बारीक करून तो फलंदाजाकडे असा बघायचा की जणू तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघतो आहे, आणि मग चेंडू जिथे टाकायचा तिथेच टाकायचा. बोलणं कमी. त्याची बायको फिलोमिना, आणि एक मुलगी रिया, बारावीत. रियाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतून. “रिया, भात वाढू?” असं अनघाने विचारलं की “जस्ट अ लिटल, आंटी.” तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. आमच्या लुसैलच्या इमारतींना ती तोंडावर नावं ठेवायची, आणि ठेवलेली नावं बरोबर असायची.

आता त्या वर्षीच्या जुलैतली एक शुक्रवार सकाळ. पोह्यांचा आणि वेलदोड्याच्या करक चहाचा दुसरा फेरा चाललेला. साने डायरी उघडून बसले.

“चार जण पाहिजेत. एक नव्या चेंडूचा, एक स्पिनर, आणि दोन असे, की टाक म्हटलं तर रडणार नाहीत.”

“नव्या चेंडूला बावतीसभाऊ हायेत की, काका,” गजानन म्हणाला.

“बावतीस आहेच. मी त्याच्या जोडीला म्हणतोय.”

“जोडीला कशाला?” मी म्हणालो. “बावतीसच्या जागीच बघा.”

बावतीस माझ्या समोरच बसला होता, पोह्यांवर लिंबू पिळत.

“काय बोलायलाव तुमी, सायेब?” गजानन उसळला. “समोर बसलेत ते!”

“वय झालं त्याचं.”

“तुमचं किती?”

“मी बोलिंग टाकत नाही.”

“बॅटिंग तरी कुटं करताव?”

सगळे हसले. साने हसले नाहीत. “मोघे, हे काही बरं नाही बोललात,” ते म्हणाले. तेवढ्यात बावतीसने लिंबाची फोड बशीत ठेवली. “मोघे बरोबर बोलतोय. माझ्या भरवशावर राहू नका, साने. डावरा बघा. आपल्या मैदानावर वाऱ्याला डावराच लागतो.” सगळ्यांना वाटलं, काय हा मोठेपणा! गजाननने तर माझ्याकडे पाठ फिरवून चहा घेतला.

मी असं का बोललो ते मला त्यांना सांगता येत नव्हतं. वाचकांना सांगतो. माझं काम प्लॅनिंगचं. प्रकल्पावर कोणतं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, त्याचा एक तक्ता असतो. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. काम सुरू होतं तिथे पट्टी सुरू, संपतं तिथे संपली. आणि प्रत्येक पट्टीखाली माणसं असतात. पट्टी संपली की त्या माणसांना घरी पाठवतात. सर्व्हेची पट्टी सप्टेंबरच्या शेवटी संपत होती. ती मीच ओढली होती, जूनमध्ये, माउसच्या एका हालचालीने, एका हातात बिस्किट धरून. महिनाभराने नावांची यादी माझ्याकडे आली तेव्हा त्या पट्टीखाली बावतीसचं नाव होतं. नोकरी गेली की बावतीसचं कार्ड रद्द, आणि त्याच्या कार्डावर राहणाऱ्या फिलोमिना आणि रियाचंही. रियाची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. यादी गुप्त होती. मला बोलता येत नव्हतं, आणि गप्प तर मला कधीच बसता येत नाही. म्हणून ते तसं बाहेर पडलं.

नंतर चर्चेला ऊत आला तो डावऱ्यांवरून. गजाननने एक नाव काढलं. दळवी, दुखानला असतो, तेल कंपनीच्या वसाहतीत. डावरा, आत येणारा चेंडू. आणि त्याचं कार्ड अजून चार वर्षं चालणार होतं! साने खुर्चीतून उठून उभे राहिले. चार वर्षं! एवढी सलग तारीख त्या डायरीने पाहिली नव्हती.

आमच्यात खेळाडू फोडायची एक रीत आहे. आम्ही फोन करत नाही. आम्ही डबा नेतो. घरचं काहीतरी करून चौघांनी जायचं, त्याच्या बायकोच्या हातात डबा द्यायचा, क्रिकेटचा विषयच काढायचा नाही, आणि दुसऱ्या चहाला साने अगदी सहज म्हणणार, “मग यंदा आमच्याकडून खेळताय ना?” समोरच्याने डब्यातलं खाल्लं असलं की त्याला नाही म्हणणं जड जातं. दळवी गुहागरकडचा, म्हणून अनघाने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. साने, गजानन, बावतीस आणि मी, माझ्या गाडीतून निघालो. ऐंशी किलोमीटर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरट वाळवंट, मधेच एखादा उंट, त्याच्या चेहऱ्यावर निवड समितीचा तुच्छतेचा भाव. गजानन वाटेत तीन करंज्या खाऊन बसला. “ट्रायल बॉल,” म्हणाला.

दळवीने दार उघडलं तेव्हा त्याच्या डाव्या हातात स्पंजाचा हा एवढा मोठा निळा पंजा होता, एक बोट ताठ केलेला.

“या या! सराव चाललाय,” तो म्हणाला. “वर्ल्डकपला मी व्हॉलंटियर झालोय ना. लोकांना मेट्रोची वाट दाखवायची.”

करंज्या खाल्ल्या गेल्या. चहा झाला. दुसरा चहा झाला. सान्यांनी सहज विचारलं. दळवी ओशाळून हसला.

“नाय हो. क्रिकेट सोडलं मी. खांदा वर जात नाय आता.”

“पण हा पंजा तर वर धरलाय तुम्ही.”

“एवढाच जातो,” दळवी म्हणाला आणि दाखवला. कानापर्यंत. “ह्याच्यात मेट्रो दाखवता येते. चेंडू पडत नाय.”

सान्यांनी शेवटचा प्रयत्न केला. “उजव्याने काही जमेल का?” यावर दळवीच्या बायकोने डबा धुऊन परत आणला.

परतताना मागच्या सीटवर साने आणि गजानन तोंडं उघडी टाकून झोपले. बावतीस माझ्या शेजारी. लांब क्षितिजावर गॅसची ज्योत जळत होती, भर दुपारी, उन्हात फिकट दिसणारी. बावतीस समोर बघतच म्हणाला, “मोघे, माझी पट्टी कधी संपते?”

“कसली पट्टी?”

“नाटक नको. तुझ्या तक्त्यातली.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? सर्व्हेअर आहे मी, बाबा. मोजायचं काय उरलंय ते मलाच पहिल्यांदा कळतं.” मग त्याने विचारलं, “सप्टेंबर?”

“सप्टेंबर.”

त्याने मान हलवली, कुणी वाचून दाखवलेला आकडा वहीत लिहून घ्यावा तशी. “मार्चपर्यंत ढकलता येईल का बघ. रियाची परीक्षा होऊ दे. एप्रिलचा एक दिवससुद्धा मला नको.”

मी, जो कोणत्याही विषयावर चाळीस मिनिटं बोलू शकतो, तो एवढंच म्हणालो, “बघतो.” इथे राहून आपल्याला एक शब्द शिकायला मिळाला आहे, इन्शाल्ला. तो म्हटला की माणूस मोकळा होतो. मला तो त्या दिवशी म्हणवेना.

बघितलं मी. तक्त्यात एक नवं काम घातलं. पूर्ण झालेल्या बांधकामाची पडताळणी मोजणी, ऑक्टोबर ते मार्च. सुंदर पट्टी होती. तिला मी हिरवा रंग दिला. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर लेबनॉनचा, देखणा, अत्तराचा शौकीन. त्याने ती पट्टी बरोबर हेरली.

“हबीबी, सहा महिने हा माणूस काय मोजणार?”

“रस्ते खचतात का ते.”

“आपले रस्ते खचतात?”

“खचत नाहीत हे मोजावंच लागेल ना. समुद्र जवळ आहे. तोही कितपत जवळ आला ते मोजायला हवं.”

तो मनापासून हसला. माझ्यासाठी कॉफी मागवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ती पट्टी पुसून टाकली. “खलास,” म्हणाला. मला त्याचा रागसुद्धा नीट येईना. त्याची स्वतःची पट्टी डिसेंबरात संपत होती, आणि तीही मीच ओढली होती.

मग यादी जाहीर झाली आणि सगळ्यांना कळलं. त्या शुक्रवारी गजानन माझ्या घरी सगळ्यांच्या आधी आला, दारात चपला काढत उभा राहिला आणि म्हणाला, “सायेब, मी तुमाला लई बोललो त्या दिवशी.” मी म्हणालो, “बॅटिंगचं खरंच होतं.” तो हसला नाही.

आणि मग त्या हॉलमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. सान्यांनी डायरीतली गोलंदाजांची पानं उलटली, कोरं पान काढलं आणि वर लिहिलं : बावतीस. खाली कंपन्यांची नावं. आता आम्हाला गोलंदाज मिळवायचा नव्हता. आमचा गोलंदाज कुणीतरी घ्यावा म्हणून आम्ही दारोदार फिरणार होतो. तोच आवेश, तेच वाद. “ती ड्रेनेजवाली कंपनी कशी आहे?” “त्यांच्याकडे दोन सर्व्हेअर आधीच आहेत.” “एक सोडून चाललाय म्हणतात.” “नक्की?” “माझ्या मेव्हण्याचा शेजारी त्यांच्यात आहे.” साने फोनवर फोन लावत होते. एकदा मी त्यांना म्हणताना ऐकलं, “हां, बहुत एक्सपिरियन्स है... नहीं नहीं, बहुत अ‍ॅक्युरेट... राइट आर्म है, दोनो तरफ स्विंग... हॅलो? हॅलो?” सवय, दुसरं काय. फोन ठेवून ते स्वतःच डोक्याला हात लावून बसले. बावतीस पोट धरून हसला, इतका की फिलोमिना स्वयंपाकघरातून बघायला आली. तिलाही हसू आलं. मग तिने पदर डोळ्यांना लावला, आणि ते हसण्यामुळेच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो.

कुठेच काही झालं नाही. शहरातल्या सगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकाच भिंतीला, वर्ल्डकपला, येऊन थांबल्या होत्या. जो तो माणसं कमी करत होता. एकजण म्हणाला जानेवारीत या, पण कार्ड जानेवारीपर्यंत कुणासाठी थांबतं? सान्यांच्या पत्नी म्हणाल्या, पोरगी आमच्याकडे राहील सहा महिने. पण पोरगी बापाच्या कार्डावर. शाळेत जाऊन विचारलं, परीक्षेपुरती परत येऊ दे. शाळेने सहानुभूतीने हजेरीचा नियम वाचून दाखवला. ऑगस्टभर आम्ही भेटत होतो, खात होतो, नावं लिहीत आणि खोडत होतो. लांबून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय उत्साही संघ आहे! खरं सांगू का, उत्साह होताच. आशा नसलेल्या माणसांना वाद घालायला जी मोकळीक मिळते ती मी तेव्हा अनुभवली.

सप्टेंबरात एका शुक्रवारी दुपारी ती तिघं जेवायला आली होती. मी कामाचा लॅपटॉप उघडून बसलो होतो. रिया मागे येऊन उभी राहिली.

“अंकल, डॅड म्हणतात तिथे एक बार आहे. कॅन आय सी?”

एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून मी मराठीचे तीन शब्द सलग प्रथम ऐकले. मी पट्टी दाखवली. तिने विचारलंही नाही. वाकून, एका बोटाने, पट्टीचं टोक धरलं आणि सप्टेंबरातून मार्चपर्यंत ओढून नेलं. इतकं सोपं असतं ते. पट्टी लांबली. पण तक्त्यातली कामं एकमेकांना बांधलेली असतात, तेव्हा तिच्यामागची सगळी कामं सरकली. प्रकल्प सोपवण्याची तारीख वर्ल्डकपच्या पलीकडे गेली आणि अख्खा पडदा लाल झाला. रिया बघत राहिली.

“ओह,” ती म्हणाली. “इट ब्रेक्स एव्हरीथिंग.”

आणि तिने स्वतःच्याच बोटाने ती पट्टी परत सप्टेंबरात आणून ठेवली. अगदी अचूक. बापाचीच पोर.

तिचं ते वर्ष गेलं. वसईला परत अकरावीच्या मुलांबरोबर बसून, दुसऱ्या बोर्डाची पुस्तकं घेऊन तिने पुढल्या वर्षी बारावी केली. आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा एकदा दिली, थोडक्यात राहिली, आणि मग ती दुसरंच काहीतरी शिकायला लागली. बावतीस प्लॉट मोजतो. आता लुसैलला मी ट्रामने जातो. रस्ते अजून खचलेले नाहीत आणि समुद्र होता तिथेच आहे. हे कुणीतरी मोजत असेल अशी मला अजून उगाच आशा असते. बावतीस वसईहून आमच्या बैठकीला व्हिडिओवर येतो, डावऱ्यांची बाजू घेतो. मी त्याची थट्टा करतो, तो माझ्या बॅटिंगची करतो. पट्टीचा विषय आम्ही कधी काढत नाही. त्या वर्षी आमच्या संघाचं नाव लीगमध्ये गेलं, पण बोलिंग गजाननने टाकली, पॅड काढून. पुढचं तुम्ही समजून घ्या.

मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची, सप्टेंबरातली शेवटची शुक्रवार सकाळ. रविवारी त्यांचं विमान होतं. लीग सुरू व्हायला अवकाश, मैदान बंदच होतं, पण साने म्हणाले, एकदा टाकू दे त्याला. इंडस्ट्रियल एरियातलं आमचं खडीचं मैदान, मधे सिमेंटवर अंथरलेली मॅट. साडेपाच वाजले होते. हवा इतकी दमट की सदरे चालता चालता भिजले. पण हीच हवा गोलंदाजाची! आमच्या नशिबात ती नेमकी सामने नसतानाच असते. आठच जण जमलो. रिया सीमारेषेवर चेंडू अडवायला उभी राहिली. साने बॅट घेऊन गेले. पंच व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी उभा राहिलो. षटक मोजायला सहा खडे उचलून डाव्या मुठीत धरले.

बावतीसने पहिला चेंडू टाकला. तो सान्यांच्या बॅटकडे सरळ गेला आणि ऐनवेळी काहीतरी आठवल्यासारखा बाहेर वळला. गजाननने तो झेलला आणि “आई गं” म्हणाला. दुसरा तसाच. तिसरा आत आला आणि सान्यांच्या पॅडवर धाडकन आदळला. “बाहेर जात होता!” साने अपील व्हायच्या आधीच ओरडले. कुणी वाद घातला नाही. बावतीस तसं कधी टाकत नसे. चव्वेचाळीसाव्या वर्षी, ज्या गोलंदाजाला आम्ही सगळा उन्हाळा शोधत होतो, तो त्या सकाळी आमच्या मैदानावर उतरला होता. गजानन यष्टीमागून बोंबलत होता, “यल्ला, बावतीसभाऊ! चला, यल्ला!”

सहावा चेंडू पडला. माझ्या डाव्या मुठीतले सगळे खडे उजव्या मुठीत आले होते. मी ‘ओव्हर’ म्हणालोच नाही. बावतीस अकरा पावलं मागे गेला, आला, टाकला. सातवा. आठवा. मी मूठ पाठीमागे धरली.

दहा-बारा झाल्यावर त्याने वाटेत थांबून विचारलं, “मोघे, किती झाले?”

“दोन,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा बारीक करून, दुर्बिणीतून बघावं तसं. मग परत स्टार्टला गेला. षटक संपल्याची हाकाटी एरवी सगळ्यांत आधी करणारे साने बॅट आपटत पुढच्या चेंडूची वाट बघत राहिले.

“डॅड, हाऊ मेनी मोर?” रियाने लांबून विचारलं.

“अंकलला विचार,” तो म्हणाला.

ऊन वर आलं. मॅटवर सावल्या आखूड झाल्या. त्याचा सदरा अंगाला चिकटलेला, श्वास मला दहा पावलांवर ऐकू येत होता. चेंडू आता वळत नव्हता, नुसता येत होता. स्टार्टच्या टोकाला तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि तसाच थोडा वेळ राहिला.

“राहिलेत अजून?” त्याने मान वर न करता विचारलं.

“बरेच आहेत,” मी म्हणालो.

तो हसला. चेंडू पँटवर पुसला, आणि पळत आला.